टाच टेकवण्यापुरती शस्त्रक्रिया नको

सेरेब्रल पाल्सीचे मूल चवड्यांवर चालत बाह्यरुग्ण विभागात येते तेव्हा आई-वडिलांचे मागणे एकच असते: टाच टेकू दे. टेंडो-अकिलिस लांबवणे आपल्याला सहज जमते, आणि धोका तिथेच आहे.

दोन्ही पाय ताठर असलेल्या मुलाच्या घोट्यापुरताच दोष क्वचित असतो. हॅमस्ट्रिंग आखडलेले असतात, सोअस घट्ट असतो, मांडीचे हाड आत पिळलेले असते. तरी नुसती पोटरी सैल केली, तर टाच टेकते, घरचे समाधानाने परततात आणि वजन-उंची वाढली की मूल गुडघ्यांत बसू लागते. उभे राहताना नडगीला मागे धरणाऱ्या सोलियसचे गेलेले बळ परत आणणे फार अवघड. मेलबर्नच्या केर ग्रॅहम यांच्या गटाने २००१ मध्ये डायप्लेजिया आणि कमी वय हे अशा अपयशाचे धोके म्हणून नोंदवले होते. दरवर्षी एकेक सांधा उघडण्याच्या पद्धतीला मर्सर रँग यांनी ‘बर्थडे सिंड्रोम’ म्हटले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. साधारण सहा ते बारा वयात सगळ्या पातळ्यांवर एकाच वेळी शस्त्रक्रिया करावी, हेच योग्य. गेट लॅब जवळ नाही म्हणून अंदाजाने चालू नका. मोबाइलवर समोरून आणि बाजूने चालीचा व्हिडिओ घ्या, खुब्याचा एक्स-रे काढा, अनुभवी सहकाऱ्याला दाखवा.

सिंधुदुर्गात याहून कठीण प्रश्न पुढचा आहे. ओरोसला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बांबोळी किंवा मुंबईही गाठता येते. पण नंतरचे वर्ष मालवण, आचरा, मसुऱ्याच्या वाडीतच काढायचे असते. शस्त्रक्रियेनंतर स्नायूंची ताकद घटते. काही महिने मूल पूर्वीपेक्षा वाईट चालते, ते सावरायला वर्ष लागते. हे आधी सांगितले नाही, तर घरचे धीर सोडतात आणि व्यायाम बंद पडतो.

पालक मे महिन्याची सुट्टी मागतात. मग प्लास्टर निघते ते ऐन जूनमध्ये, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरू लागते तेव्हा. शाळा बुडाली तरी चालेल, आमच्या मते दसऱ्यानंतरचाच काळ निवडावा. चालण्याचा सराव कोरड्या अंगणात होतो.

तारीख देण्याआधी वर्षभर व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे नाव केसपेपरवर लिहिलेले हवे. ते नसेल तर तारीख पुढे ढकला. तोवर स्प्लिंट, उभे राहण्याचा सराव आणि गरजेनुसार बोट्युलिनम चालू ठेवता येते.