काउंटरवर डॉक्टरकी नको!

आजारी, वृद्ध आणि अपंग माणसांना घेऊन विमानाने जाणाऱ्या समस्त बडोदेकरांसाठी जाहीर पत्रक



१८८७ साली महाराजा सयाजीराव प्रकृतीच्या कारणास्तव पहिल्यांदा युरोपला निघाले, तेव्हा त्यांच्या दिमतीला मोठा लवाजमा होता. आजारपणात प्रवास कसा निभवायचा, हा प्रश्न राजाला पडत नाही. तो पडतो दांडिया बाजारातल्या निवृत्त मास्तरांना. त्यांच्या सोबत असते एक लेक, औषधांची एक पिशवी आणि फायलीत जपून ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी. पुढचे सगळे अवलंबून काउंटरवरच्या एका अनोळखी पोरावर.

आमच्या घरी हेच झाले. वडिलांना फुप्फुसाचा जुना आजार, सोबत ऑक्सिजनचे बॅटरीवर चालणारे यंत्र. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून भरून घेतला, आधी पाठवला, मंजूरही झाला. बडोद्याहून जाताना काही अडचण आली नाही. परतताना एका मोठ्या शहराच्या विमानतळावर उड्डाणाच्या अडीच तास आधी पोहोचलो, आणि काउंटरवरचा तरुण वडिलांकडे बघून म्हणाला, “पेशंट ठीक दिसत नाहीत. आजच्या तारखेचं सर्टिफिकेट लागेल.” मंजुरीचा कागद दाखवला. त्याने साहेबांना फोन लावला, साहेबांनी मोठ्या साहेबांना. दीड तास आम्ही तिथेच उभे. शेवटी उत्तर आले, “काउंटर बंद झाला, सर.” वेळेत आलेल्या माणसाला वेळ घालवून उशिरा आलेला ठरवले! ती रात्र रेल्वेच्या डब्यात चार्जिंगच्या प्लगशेजारी बसून काढली. वडील अपराध्यासारखे सारखे म्हणत होते, “माझ्यामुळं झालं रे.”

त्या एका वाक्यासाठी हे पत्रक काढले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम घालत नाही. हा एका कंपनीचा हिशेब चुकता करण्याचा विषय नव्हे. आमचे म्हणणे एवढेच: कोणाला विमानात बसू द्यायचे नाही असे ठरवायचेच असेल, तर ते डॉक्टरने ठरवावे, लेखी ठरवावे आणि वेळेत ठरवावे. नुसते ‘दिसत नाहीत’ म्हणणे हे काही निदान नव्हे.

काळजी खरी आहे, हे आम्हालाही कळते

उंचावर उडणाऱ्या विमानाच्या आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते सुमारे ५,४०० फूट. आपला पावागड आठ हजारांच्या निम्म्यानेही भरत नाही. म्हणजे विमानात बसलेला प्रत्येक जण कळसूबाईच्याही वर जाऊन बसलेला असतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला जाणवू शकते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, विमानात ऑक्सिजन किंवा स्ट्रेचर लागणार असेल, तर कंपनीने आधी वैद्यकीय माहिती मागणे रास्तच आहे. फॉर्म त्यासाठीच असतो, आणि तो कंपनीच्या वैद्यकीय विभागाने तपासायचा असतो. तिथे मंजूर झालेली गोष्ट बोर्डिंग पास छापणाऱ्याने नजरेने फिरवायची असेल, तर तो फॉर्म मागवता तरी कशाला?

कायदा काय सांगतो

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, याविषयी स्वतंत्र नियम आहेत. ते फक्त जन्मतः अपंग असणाऱ्यांसाठी नाहीत. वयामुळे किंवा आजारामुळे ज्याची हालचाल मंदावली आहे, तोही त्यांत येतो. तुमची गुडघे धरून चालणारी आजी येते, डायलिसिसवरचे काका येतात. प्रस्थानाच्या टर्मिनलपासून पोहोचण्याच्या टर्मिनलपर्यंत मदत देणे ही विमान कंपनीची जबाबदारी आहे.

हे नियम आयते मिळालेले नाहीत. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष स्पाइसजेटच्या विमानाने कोलकात्याहून गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. मुंबईच्या ‘अडॅप्ट’ या संस्थेने गोव्यात भरवलेल्या परिषदेला त्यांना जायचे होते. विमानात जागेवर बसल्यानंतर त्यांना खाली उतरवले गेले. डॉक्टरला कोणी विचारले नाही. परिषद हुकली. त्या आणि ‘अडॅप्ट’ सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १२ मे २०१६ रोजी न्या. सिक्री व न्या. अग्रवाल यांच्या पीठाने स्पाइसजेटला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

तरीही ७ मे २०२२ रोजी रांचीला तेच घडले. एका अपंग मुलाला इंडिगोच्या हैदराबादच्या विमानात चढू दिले नाही. मूल घाबरले होते. त्याला शांत करण्याऐवजी कर्मचाऱ्यांनी त्याच्या घाबरण्यालाच धोका ठरवले. सहप्रवासी मुलाच्या बाजूने उभे राहिले, पण विमान त्याच्याविना गेले. डीजीसीएने पाच लाखांचा दंड केला आणि त्याच वर्षी जुलैत नियम घट्ट केला: अपंगत्वाच्या कारणावरून कोणालाही नाकारता येणार नाही. प्रवासात प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटत असेल, तर डॉक्टरने प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून तो प्रवासाला योग्य आहे की नाही, हे स्पष्ट सांगायचे. निर्णय त्यानंतर. आणि नकार द्यायचाच, तर कारणासह लेखी द्यायचा.

हा नियम काउंटरवर किती जणांना ठाऊक असतो? आणि आपल्यापैकी किती जणांना?

मुंबईचे मरण

१२ फेब्रुवारी २०२४. न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने एक वृद्ध जोडपे मुंबईत उतरले. नवरा ऐंशी वर्षांचा. दोघांसाठी व्हीलचेअर आधी मागितलेली. मिळाली एकच. दुसरी येईपर्यंत थांबायला सांगितले होते, असे कंपनीचे म्हणणे. म्हाताऱ्याने बायकोला खुर्चीत बसवले आणि स्वतः तिच्यासोबत चालत निघाला. इमिग्रेशनपर्यंत चालला आणि कोसळला. गेला.

डीजीसीएने तीस लाखांचा दंड केला. कंपनीवर दंड झाला हे योग्यच. पण असा दंड जातो सरकारच्या तिजोरीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्या म्हाताऱ्याला एक खुर्ची हवी होती, आणि ती वेळेवर हवी होती.

‘धडधाकट लोकही खुर्ची मागतात!’

ही तक्रार कंपन्या नेहमी करतात, आणि ती सगळी खोटी नाही. रांग चुकवण्यासाठी खुर्चीत बसणारे महाभाग आहेत. त्यांना आम्ही इथेच सांगतो: तुम्ही बसता ती खुर्ची दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांची असते.

पण दुसरीही बाजू पाहा. अमेरिकेत मुलाकडे निघालेली आपल्या पोळातली आजी व्हीलचेअर का मागते? पाय दुखतात म्हणून कमी, आणि वाट चुकेल, इंग्रजी समजणार नाही, गेट सापडणार नाही म्हणून जास्त. तिला चाके नकोत, सोबत हवी आहे. तशी हात धरून गेटपर्यंत नेणारी सोबत कंपन्यांनी वेगळी द्यावी, म्हणजे कितीतरी खुर्च्या आपोआप मोकळ्या होतील. हे न करता ‘लोक गैरफायदा घेतात’ म्हणत खऱ्या रुग्णाला ताटकळत ठेवणे, म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

आणि खुर्च्या अचानक कमी पडतात, हे आम्ही मानत नाही. मागणी तिकिटावर आधीच नोंदलेली असते. कोणाला जिने चढता येत नाहीत, कोणाला आसनापर्यंत उचलून न्यावे लागेल, यांचे वेगवेगळे संकेतही ठरलेले आहेत. किती खुर्च्या आणि किती माणसे लागणार, हे कंपनीला उड्डाणाआधीच मोजता येते. जेवणाची ताटे मोजून चढवणाऱ्यांना खुर्च्या मोजता येत नाहीत? विचारायला जावे तर कंपनी विमानतळाकडे बोट दाखवते, विमानतळ ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराचा पोरगा एकटाच तीन खुर्च्या ढकलत धावत असतो. त्या पोरावर राग काढू नका. या व्यवस्थेत त्याचीही खुर्चीच ओढली जाते.

आमच्या मागण्या

हरणी विमानतळाची नवी इमारत २०१६ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या हस्ते खुली झाली. या विमानतळाच्या प्रशासनाकडे आणि इथून विमाने चालवणाऱ्या सर्व कंपन्यांकडे आमची मागणी आहे:

१. डॉक्टरच्या प्रत्यक्ष तपासणीविना आजाराच्या कारणावरून कोणालाही नाकारता येणार नाही, हा नियम प्रत्येक चेक-इन काउंटरशेजारी गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठळक लावा.

२. नकार लेखीच द्या. कारण, वेळ आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव त्यावर हवे.

३. वेळेत काउंटरवर पोहोचलेला रुग्ण तुमच्या फोनाफोनीत अडकला, तर ‘काउंटर बंद झाला’ हे उत्तर चालणार नाही. तो पोहोचल्याची वेळ आधी नोंदवा.

४. वैद्यकीय विभागाने मंजूर केलेला फॉर्म काउंटरवर पुन्हा उघडू नका. प्रकृतीत नवा बदल दिसला, तर डॉक्टरला बोलवा.

५. प्रत्येक पाळीत कंपनीच्या एका जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व फोन दर्शनी भागात लावा.

६. व्हीलचेअर आणि नुसती सोबत, या दोन सेवा वेगळ्या करा. दोन्ही विनाशुल्क ठेवा.

आपले कर्तव्य

बडोदेकरांचा एक आवडता शब्द आहे: ‘चालशे’. अपमान झाला, चालशे. विमान हुकले, चालशे. आता हे चालणार नाही. पण हक्क मागणाऱ्याने स्वतःची बाजूही पक्की ठेवायला हवी.

तिकीट काढतानाच मदतीची गरज नोंदवा, आणि कोणत्याही परिस्थितीत उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवा. उत्तर लेखी घ्या. ऑक्सिजन किंवा अन्य यंत्र नेणार असाल, तर कोणते चालते आणि किती बॅटरी हवी, हे कंपनीकडून आधी विचारून घ्या. घरचा सिलिंडर घेऊन थेट विमानतळावर जाऊ नका. डॉक्टरांची चिठ्ठी तारखेसह, सही-शिक्क्यासह, आणि ‘विमानप्रवासास योग्य’ असे स्पष्ट लिहिलेली असू द्या. औषधे आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. सामानाच्या डब्यातल्या थंडीत इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

अडवले, तर आवाज चढवू नका. फक्त तीन प्रश्न विचारा: “डॉक्टर कुठे आहेत? लेखी कुठे आहे? तुमचे नाव काय?” तिन्हींची उत्तरे आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवा. सरकारच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर आणि ॲपवर तक्रार नोंदवा. त्याने भागले नाही, तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, खटला बडोद्यात चालू शकतो. पाच लाखांपर्यंत पैसे मोजून घेतलेल्या सेवेबद्दल जिल्हा आयोगात फी पडत नाही. जीजाताईंना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आपली सुरुवात घराजवळच्या आयोगातून होऊ शकते.

हे पत्रक वाचून फेकू नका. घडी घालून तिकिटाबरोबर ठेवा, आणि ज्या घरात आजारी माणूस आहे त्या शेजाऱ्याला एक प्रत द्या. पुढच्या वेळी काउंटरवरून कोणी म्हणाले की ‘पेशंट ठीक दिसत नाहीत’, तर आपल्या म्हाताऱ्याला मान खाली घालू देऊ नका. डॉक्टर बोलवायला सांगा.

आपला,
एक बडोदेकर प्रवासी