घर पाहिले, गाडी राहिली

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे वाडवडील सांगून गेले. चाकांवरचे घर त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून या म्हणीचा तिसरा चरण लिहायचा राहून गेला. तो यंदाच्या दिवाळीत मी पदरमोड करून पुरा करीत आहे : चाकांवरचे घर पाहावे विकत घेऊन, आणि तेही दुसऱ्याने वापरलेले! पदरमोड किती झाली तो आकडा ओघात येईलच. दर दिवाळीला या पानावर माझी एखादी फजिती वाचायची सवय जडलेल्या वाचकांचा विरस मला करायचा नाही.

आधी कारण सांगतो. नाहीतर म्हाताऱ्याला चळ लागला असे तुम्ही म्हणाल. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर आजरा. पुण्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर. गावात रेल्वे नाही. हिच्या मणक्याचे ऑपरेशन झाल्यापासून तासाभरापेक्षा जास्त बसणे हिला जमत नाही. पाठ टेकावीच लागते. एस. टी. बाद झाली, भाड्याची मोटार बाद झाली. तिकडे हिची आई नव्वदी ओलांडून बसलेली, आणि चार वर्षांत मायलेकींची भेट नाही. एकदा मी धीर करून सुचवले, “अँब्युलन्स करू या का? तिच्यात निजून जाता येईल.”

“माहेरी मी अँब्युलन्समधून उतरू?” ही म्हणाली. “मला बघायच्या आधीच आई आटोपेल!”

एवढ्यात ती जाहिरात दिसली. जुन्या डिझेल मिनीबसवर बांधलेले फिरते घर विकणे आहे : पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर. किंमत चार लाख साठ हजार. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द कानावर होता. पण ती श्रीमंतांची चैन, अशी माझी समजूत. इथे तर आमच्या अडचणीचे उत्तर पडदे लावून उभे होते.

२०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही ते बघायला गेलो. पुतण्या म्हणाला, “काका, ओळखीचा फिटर बरोबर घेऊ.” मी म्हणालो, “अरे, पस्तीस वर्षे बँकेत काढली आहेत. मला माणूस कळतो.” माणूस कळला असता तरी इंजिन कळत नव्हते, हा मुद्दा तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही.

विकणारा गृहस्थ अतिशय सज्जन बोलण्याचा. “आत्ताच एक चक्कर मारून आलो, या,” म्हणाला, आणि वेलची घातलेला चहा पुढे केला. मग आमची पाहणी सुरू झाली. हिने एकूण एक कप्पा उघडून पाहिला. ग्रॅनाइटच्या ओट्यावरून हात फिरवला. नळ सोडला, पाणी आले. दिवा लावला, लागला. पलंगावर ही आडवी झाली, आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, “अहो, इथून आभाळ दिसतं.” वाचकहो, व्यवहार त्या क्षणी ठरला. पुढची सगळी घासाघीस नुसती रीतीसाठी होती.

मी माझे खाते सांभाळले, म्हणजे कागद पाहिले. नोंदणी २०११ ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून वाढवून घ्यावी लागते, हे मला माहीत होते. कर्जाचा बोजा नव्हता, विमा चालू होता. नावावर करण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मी स्वतः भरले. इंजिनासाठी पुतण्याने सेल मारला; एका दमात सुरू झाले. एक फेरी मारली, पडदे डौलात हलले. ‘गाडी आहे त्या स्थितीत घेतली’ या वाक्याखाली मी झोकदार सही केली. पस्तीस वर्षे दुसऱ्यांकडून अशा वाक्यांखाली सह्या घेतल्या होत्या. स्वतः करताना मात्र वाक्य वाचले आणि अर्थ सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल मारला, तर आतून नुसता कण्हण्याचा आवाज. पाच-सात वेळा कण्हून इंजिन एकदाचे पेटले आणि मागून असा पांढरा धूर सुटला, की सोसायटीतल्या बायकांनी धडाधड खिडक्या लावल्या. महापालिकेची डासांची फवारणी आली, असे त्यांना वाटले. मी म्हणालो, “थंडी आहे ना, म्हणून.” पुण्याचा ऑक्टोबर! पण आपल्या पैशाने घेतलेल्या वस्तूची बाजू माणूस सख्ख्या भावासारखी घेतो.

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात आम्ही निघालो. ही पलंगावर, पुतण्या चाकावर, मी त्याच्या शेजारी. शिरवळपर्यंत सारे झकास. खंबाटकीचा घाट पुण्याहून जाताना चढावा लागायचा. बोगदा होता तो परतीच्या वाटेला. चढण लागली तशी गाडी दुसऱ्या गियरमध्ये रडायला लागली. पाण्याच्या उष्णतेचा काटा वर वर जाऊ लागला. मागून हिचा आवाज आला, “किती सुंदर डोंगर दिसतो हो!” आणि समोर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला.

गाडी कडेला घेतली. पुतण्या रेडिएटरचे झाकण उघडायला धावला, तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, “हात लावू नको! तोंड भाजेल!” उतरून त्याने आम्हाला अर्धा तास नुसते बसवले. मग फडके धरून झाकण काढले, पाणी घातले, इंजिन सुरू करायला सांगितले आणि आत बोट दाखवले. पाण्यात बुडबुडे येत होते, भाताच्या आधणासारखे. “हेड गॅस्केट उडालंय,” तो म्हणाला. “घाट विसरा.” आमचे घर टोचनला लागून शिरवळला परत आले. ही सगळा वेळ पलंगावर होती. घाट पाठमोरा पाहायला मिळाला, एवढेच ती म्हणाली.

शिरवळच्या मिस्त्रीने इंजिन खोलले आणि मला शाळेत बसवले. रेडिएटरच्या तळाशी पिवळा गाळ होता. मी विचारले, “हे काय?” “हळद,” तो म्हणाला. “गळती बुजवायला टाकत्यात. लग्न लागंपर्यंत टिकती.” ऑइल पाहिले तर दुधाळ चहासारखे, म्हणजे त्यात पाणी मिसळत होते. शिवाय ते ठरलेल्यापेक्षा जाड घातलेले, म्हणजे आतला खडखडाट दबावा.

“पण घेताना एका दमात सुरू झाली होती!”

“गरम असंल.”

त्या दोन शब्दांत माझी पस्तीस वर्षांची नोकरी विरघळली. ‘आत्ताच एक चक्कर मारून आलो’ याचा अर्थ मला आत्ता कळला. रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनिअरला १८९३ साली ज्या इंजिनाचे पेटंट मिळाले, त्यात ठिणगी नाहीच. आतली हवा सुमारे वीस पट दाबायची, म्हणजे ती दाबानेच रसरशीत तापते आणि तेल फवारताच पेट घेते. सायकलला हवा भरताना पंपाचे नळकांडे तापते, त्याचाच हा थोरला भाऊ. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की हवा निसटते, दाब पडतो आणि थंड इंजिन पेटत नाही. तेच आधी तापवून ठेवले, की झिजलेले इंजिनही जावईबापूंसारखे शहाण्यासारखे वागते. म्हणून जुनी डिझेल गाडी बघायची ती सकाळी, तिला कुणी जागे करण्यापूर्वी. बॉनेटला हात लावून, ते थंड आहे याची खात्री करून. हा सल्ला मला ९५ हजारांना पडला. तुम्हाला अंकाच्या किमतीत मिळतो आहे.

मिस्त्रीने आणखी एक गोष्ट दाखवली. गाडीत चढून त्याने ओट्यावर टिचकी मारली, कपाटे वाजवली. सगळा अठरा एम. एम. चा प्लाय. दीडशे लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे भरली की दीडशे किलो. ग्रॅनाइट चाळीसेक किलो. “काका,” तो म्हणाला, “इंजिन वाईट नव्हतं. त्याच्या डोक्यावर संसार लई झाला.”

आम्ही घर पाहत होतो तेव्हा ज्याला ज्याला ‘वा!’ म्हणालो, त्यानेच गाडी मारली होती.

मूळ मालकाला फोन केला. तो पूर्वीइतक्याच सज्जनपणे म्हणाला, “काका, तुम्ही चक्कर मारून घेतलीत ना?” यावर उत्तर नव्हते. सही माझीच होती.

इंजिन बांधायला ९५ हजार. ठेव मोडावी लागणार. माझा चेहरा पाहून मिस्त्री हळूच म्हणाला, “दुसरा रस्ता बी हाय. पाच हजारांत गॅस्केट बसवून, जाड ऑइल भरून देतो. गिऱ्हाईक यायच्या आधी तासभर चालू ठेवा. पडदे तर झकास हायतच.”

खोटे कशाला बोलू? मला तो रस्ता आवडला. रात्रभर त्याचा हिशेब मनात मांडला. गॅरेजच्या आवारात आमच्याच त्या घरात आम्ही झोपलो होतो. ही पलंगावर, मी खाली. पहाटे हिला सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “असली गाडी कोण घेतं हो? हौशी माणूस नवी घेतो. जुनी घेणारा आपल्यासारखाच, कुणीतरी घरात आजारी असलेला. तोही पलंगावर बायकोला निजवून बघेल. तिला आभाळ दिसेल. आणि घाटात...” पुढे ती बोलली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, “आईला आणखी दोन महिने थांबायला सांगते.”

नव्वदी ओलांडलेल्या आईला दोन महिने थांबायला सांगणे म्हणजे काय, हे सांगणारीला ठाऊक होते. मी ठेव मोडली.

हेड लेथवर घासून सपाट करून आणले, नव्या रिंगा पडल्या, रेडिएटर बदलला. कपाटे उतरवली, ओटा उतरवला, टाकी काढून वीस लिटरचे दोन कॅन ठेवले. साडेतीनशे किलोंच्या वर संसार कमी झाला. उरले काय? पलंग, न्हाणीघर, एक शेगडी, दोन ताटे. आणि खिडकी. लागत होते तेवढेच उरले होते.

२०२४ च्या जानेवारीत पुन्हा निघालो. पहाटे थंडगार इंजिनाला सेल मारला. दुसऱ्या हाकेला ते ओ म्हणाले. खंबाटकीत मी काट्यावरची नजर हलवली नाही. तो मधोमध उभा राहिला तो राहिलाच. मागून ‘किती सुंदर डोंगर’ असे ऐकू आले, आणि या वेळी मीही डोंगर पाहिला.

आजऱ्याला दिवेलागणीला पोहोचलो. घरात घनसाळ भात शिजत होता. त्याचा वास अंगणापर्यंत आला होता. सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. लेकीच्या तोंडावरून त्यांनी हात फिरवला. मग गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावल्या, पलंग पाहिला, पडदा चाचपला. चार लाख साठ हजार अधिक ९५ हजार अशी माझी बेरीज त्यांना सांगावी की नाही, या विचारात मी उभा होतो.

“घरच घिऊन आलीस व्हय गं?” त्या म्हणाल्या. “मग आता जायाची घाई कशाला?”

आम्ही दीड महिना राहिलो.