निळ्या फुलाचा गुलाबी बहर

बदली ही बँकेच्या नोकरीतील अटळ गोष्ट. प्रत्येक बदलीत सामान बांधले जाते, मुलांच्या शाळा बदलतात आणि मागे राहतात त्या कुंड्या. म्हणूनच बेंगळुरूला आल्यावर आम्ही ठरवले होते, आता झाडांचा मोह नको. परंतु जानेवारीत लालबागेचे पुष्पप्रदर्शन पाहिले, १८८९ साली उभारलेल्या त्या काचघरातील फुलांची आरास डोळ्यांत साठवली आणि परतताना एका रोपवाटिकेतून निळ्या हायड्रेंजियाची कुंडी घरी आलीच!

पुढील बहरात फुले उमलली ती गुलाबी. आपण फसवले गेलो, असे पत्नीला वाटले. वस्तुतः फसवले कोणीच नव्हते. या फुलाचा रंग मातीतील अॅल्युमिनियमवर अवलंबून असतो. माती आम्लधर्मी असेल तर ते विरघळून मुळांना मिळते आणि फूल निळे होते. माती अल्कधर्मी झाली की ते मातीतच अडकून राहते आणि फूल गुलाबी होते. आमच्या इमारतीच्या कूपनलिकेचे पाणी जड. त्यातील क्षारांनी कुंडीतील माती बदलली आणि मातीने फूल बदलले. पांढऱ्या जातींवर मात्र हा परिणाम होत नाही.

हायड्रेंजिया या नावातच ‘पाणी’ दडलेले आहे. मूळच्या जपानी असलेल्या या झुडपाला तेथे पावसाळ्याचे फूल मानतात. उटी-कोडाईकनालच्या थंड हवेत ते सहज फोफावते. बेंगळुरूची हवा सौम्य असली, तरी पाणी मुबलक नाही. येथील कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, उपसून चढवून आणावे लागते. मार्च २०२४ मध्ये टंचाई इतकी तीव्र झाली, की पिण्याचे पाणी बागेसाठी वा गाड्या धुण्यासाठी वापरल्यास पाच हजार रुपये दंड जाहीर झाला. अशा शहरात हे तहानलेले झुडूप लावावेच कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.

माझे मत असे, की सोसायटीच्या बागेत हायड्रेंजियाच्या रांगा लावू नयेत. ती हौस इतरांच्या वाट्याच्या पाण्यावर होते. घरात एखादी कुंडी मात्र अवश्य असावी, पण तिला ताजे पाणी न देण्याच्या अटीवर! तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी तिला पुरते. साबणाचे पाणी आणि जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी मात्र टाळावे. आमच्या घरी आता ओट्याखाली एक बादली कायमची आहे आणि ती भरली नाही तर मुलेच विचारतात.

निगा फारशी अवघड नाही. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी पूर्वेकडील गॅलरी उत्तम. लाल मातीत शेणखत व नारळाचा भुसा मिसळावा, कुंडीतून पाण्याचा निचरा व्हावा आणि वर वाळक्या पानांचा थर द्यावा. भर दुपारी पाने माना टाकतात. तेव्हा घाबरून लगेच पाणी ओतू नये. आधी मातीत बोट घालून पाहावे. ओल असेल तर सायंकाळी झाड आपोआप सावरते. छाटणी बहर ओसरताच करावी. उशिरा केल्यास जुन्या फांद्यांवर धरलेल्या पुढील कळ्या जातात. पाने विषारी असल्याने लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून कुंडी दूर ठेवावी.

आम्हाला पुन्हा निळे फूल आणता आले असते. पावसाचे पाणी साठवून घालावे, बेताने तुरटी द्यावी, असे उपाय अनेकांनी सुचवले. आम्ही तो आग्रह सोडला. गुलाबी फूल आमच्या पाण्याचा खरा हिशेब सांगते, तो खोडण्याचे कारण काय?

यंदा पावसाळ्यात, फूल न आलेल्या फांद्यांची वीतभर कलमे लावून शेजाऱ्यांना दिली. सोबत बादलीची अटही सांगितली. बदलीचा हुकूम उद्या आला, तरी यावेळी झाड मागे राहिल्याची रुखरुख नसेल.