वाडिया ग्रंथालयातील गोळी

२२ जुलै १९३१. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन पाहुणे म्हणून आले होते. वाडिया ग्रंथालय पाहत असताना वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून त्यांच्यावर पिस्तूल झाडले. गोळी खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली आणि हॉटसन वाचले. गोगटेंना तिथेच पकडले. आठ वर्षांची सक्तमजुरी झाली.

ही हकिकत पुण्यात सांगतात ती बहुधा इथेच संपते. आम्हाला मात्र ती सोलापुरापासून सांगावीशी वाटते, कारण गोगटेंचा राग तिथला होता.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले. पोलिसांनी गोळीबार केला, जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. शहरावर लष्करी कायदा आला. गांधी टोपी घालणेही तेव्हा गुन्हा होता. त्या पोलिसांच्या खुनाबद्दल चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चौघे निर्दोष होते, असे सोलापूरकर आजही मानतात. लष्करी कायद्याच्या काळात इलाख्याचे गृहखाते हॉटसन यांच्याकडेच होते.

कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत वावरणारे, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारे. आपल्या किती घरांत त्यांचे नाव मुलांना ठाऊक आहे? आम्ही आमच्याच घरात विचारले. भगतसिंग सगळ्यांना माहीत, अशफाकउल्ला थोरल्याला माहीत, कुर्बान हुसेन कुणालाच नाही. लाज वाटली.

मुलांनी लगेच उलटा प्रश्न केला, मग गोगटेंनी केले ते बरोबर का? पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभ्या असलेल्या पाहुण्यावर गोळी झाडणे आम्हाला पटत नाही, आणि हॉटसन वाचले हे बरेच झाले. पण तो मुलगा माथेफिरू होता असे म्हणून प्रश्न उडवून लावणेही खोटेपणाचे. चौघांचा गळफास कागदोपत्री कायदेशीर होता, एवढाच काय तो फरक. मुलांना आम्ही दोन्ही सांगितले. थोरल्याचे समाधान झालेले दिसले नाही.

१९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि गोगटे मुदतीआधी सुटले. पुढे ते पुण्याचे महापौर झाले. सोलापुरात चार हुतात्मा चौक आहे. येत्या सुट्टीत मुलांना तिथे न्यायचे ठरले आहे.