पुरात गेलेले ओळखपत्र

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा महापूर करवीर-शिरोळच्या घरांत शिरला, तेव्हा धान्याबरोबर शिधापत्रिका आणि आधारकार्डेही गेली. जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा घडले. वस्तुतः कागद वाहून गेला तरी नोंद शासनाजवळ शाबूत असते. मग ओळख सिद्ध करण्याचा भार पूरग्रस्तावर का? आधार क्रमांक आठवत नसेल, तर तो नोंदविलेल्या मोबाइलवरील ओटीपीने परत मिळतो. पण मोबाइलही पाण्यातच गेलेला! उरतो बोटांचा ठसा, आणि ऊसतोडणीने झिजलेली बोटे यंत्र पुष्कळदा ओळखत नाही. प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. सरकारी शुल्क नाममात्र असेल. बुडालेली मजुरी हीच खरी किंमत, आणि तिची पावती कोणी देत नाही. २०१६ च्या आधार कायद्याचे सातवे कलम, क्रमांकच न मिळालेल्यालाही पर्यायी ओळखीवर लाभ देऊ करते. ज्याचा क्रमांक सरकारदरबारी नोंदलेला आहे, त्याला मग कोणत्या न्यायाने अडवावे? तलाठी व रास्त भाव दुकानदार यांच्या नोंदींवरून निवारा छावणीतच दुय्यम शिधापत्रिका द्यावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच तहसीलदारांपुढे ठेवली पाहिजे.