विशेष शाळेत जागा वाढवा, पण मराठी बोलणाऱ्या बाईंसकट

बेळगावातल्या एका विशेष शाळेत स्वमग्न मुलांसाठी जागा वाढवायच्या हालचाली सुरू आहेत. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेली मुलं. वरचा मजला चढवून आणखी वीस मुलांना घ्यायचं असा बेत आहे. देणग्या गोळा व्हायला लागल्यात. आपल्या ओळखीतल्या दोन-चार गणेश मंडळांनी यंदाच्या खर्चातून वाटा काढून ठेवलाय. चांगली गोष्ट आहे. मीही देणार आहे.

पण पावती फाडताना एक प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहायलोय. त्या वीस पोरांशी बोलणार कोण, आणि कुठल्या भाषेत?

आधी गरज किती आहे ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साधारण १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांच्या वर होती. ढोबळ हिशेब केला तरी लहानमोठी मिळून पस्तीस हजारांहून जास्त माणसं होतात. यातल्या सगळ्यांना विशेष शाळा लागत नाही. बरीच मुलं थोडी मदत मिळाली तर गावच्या शाळेत शिकू शकतात, आणि ती तिथंच शिकायला पाहिजेत. पण ज्यांना विशेष शाळाच लागते, त्यांच्यासाठी वीस जागा म्हणजे दर्यामें खसखस.

आणि यात उपकाराचा भाग कुठंच येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे, तिच्यात स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, हे निवडायचाही हक्क आहे. म्हणजे आपण जी देणगी म्हणून देतोय, ते खरं तर सरकारचं देणं आहे.

आता मूळ मुद्दा. साध्या शाळेत जागा म्हणजे एक बाक. चाळीसच्या वर्गात पंचेचाळीस कोंबली तरी हजेरी लागते. इथं तसं चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात, केंद्राचे नियम येईपर्यंत, विशेष शाळांसाठी प्रमाण घालून दिलं. स्वमग्न मुलं असतील तर पाच मुलांमागे एक शिक्षक. वीस मुलं म्हणजे चार प्रशिक्षित शिक्षक. स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मदतनीस मावशी त्याच्या वर. स्लॅब एकदा टाकला की झालं, पगार मात्र दर महिन्याला लागतो. स्लॅबवर देणगीदाराच्या नावाची फरशी बसवता येते, बाईंच्या पगारावर बसवता येत नाही. म्हणून मजले चढतात आणि बाई वर्षभरात सोडून जातात.

आणि त्या चार शिक्षकांपैकी एकालाही मराठी येत नसेल तर काय होतं, ते घरातलं सांगतो.

माझा भाचा आठ वर्षांचा आहे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातनं ताई त्याला आठवड्यातनं दोनदा बेळगावला थेरपीला घेऊन येते. एक बस, मग एक रिक्षा, पाऊण तासाचं सेशन, आणि परत तेच. विशेष शाळेच्या यादीत नाव घातलंय. ‘जागा झाली की बोलावू’ हे उत्तर ऐकून दोन वर्षं झाली.

पोराकडे आज मोजून चौदा शब्द आहेत, सगळे मराठी. त्यातला एक आहे ‘बा’. आमच्या घरात आजोबांना बा म्हणतात. थेरपीच्या बाई कन्नड. मनाने चांगल्या, पोरावर जीव आहे त्यांचा. त्या त्याला जवळ बोलावतात, ‘बा, बा’. कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ‘ये’. हा उठतो आणि दाराकडे पळतो, आजोबा आले म्हणून. दार उघडून बघतो, कुणी नाही. मग रडारड. कागदावर नोंद होते: सूचना पाळत नाही.

कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? आपण सगळे कन्नड शिकलोच की. खरं आहे. पण कुठं शिकलो? गल्लीत क्रिकेट खेळताना, बसमध्ये कंडक्टरशी हुज्जत घालताना, बाजारात आईच्या मागे पिशवी धरून फिरताना. कुणी शिकवलं नाही, कानावर पडलं आणि जिभेवर आलं. स्वमग्न मुलाचा हाच रस्ता अवघड असतो. गर्दीतनं, चेहऱ्यावरनं, हावभावावरनं शब्दाचा अर्थ उचलणं त्याला जड जातं. तो शिकतो ते एकेकट्याने, ठरलेल्या क्रमाने, पुन्हा पुन्हा. आणि एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं हा त्याच्यापुढचा मोठा डोंगर. शाळेत ‘नीरु’ शिकला आणि घरात सगळे ‘पाणी’ म्हणत असतील, तर तो शब्द शाळेतच राहतो. घरी तहान लागली की पोरगं डोकं आपटतं.

यावर एक तोडगा नेहमी सांगितला जातो. ‘घरात एकच भाषा बोला, पोराचा गोंधळ होतो. कन्नड तरी बोला नाहीतर इंग्लिश तरी.’ ताईलाही कुणीतरी असंच सांगितलं. ताई मराठीतनं दहावी झालेली. तिने सहा महिने पोराशी ‘सिट’, ‘कम’, ‘ईट’ एवढंच बोलायचं व्रत पाळलं. आंघोळ घालताना गुणगुणायची, लाडाने शिव्या द्यायची, वासराचं, मांजराचं सांगत बसायची, ते सगळं बंद. पोराला शब्द यावेत म्हणून घरातले शब्दच आटवले.

हा सल्ला शास्त्राला धरून नाही. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या स्वमग्न मुलांवर गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या देशांत अभ्यास झालेत. दुसऱ्या भाषेमुळे ही मुलं एकभाषिक स्वमग्न मुलांपेक्षा मागे पडतात, असं त्यांत दिसलेलं नाही. त्यामुळे मी कन्नडच्या विरोधात बोलत नाहीये. पोराला कन्नड यावी, इंग्लिश यावी, सगळं यावं. पण त्याची सुरुवात त्याच्याकडे जे चौदा शब्द आहेत तिथनं व्हायला पाहिजे. त्याच्या आईच्या तोंडची भाषा काढून घेऊन नव्हे.

घटना काय म्हणते तेही माहीत असू द्या. १९५६ साली ज्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यांची पुनर्रचना पक्की केली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, त्याच दुरुस्तीने ३५० क हे कलम आणलं. इंग्रजीत ते ३५०ए. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून पुरेशा सोयी करायचा प्रयत्न राज्याने करावा, असं ते सांगतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा म्हणतो. विशेष शाळेतली मुलं या दोन्हींतनं वगळा, असं कुठंही लिहिलेलं नाही. आपण सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी मोर्चे काढतो, तेव्हा ही पोरं आपल्या हिशेबात नसतात, एवढंच.

आणि हा नियम दोन्ही बाजूंना लागतो. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी कितीतरी घरं आहेत. तिथल्या स्वमग्न पोराला कन्नड येणारी बाई मिळाली पाहिजे, ही मागणी आपणच पुढे होऊन केली पाहिजे. तरच आपल्या मागणीला वजन.

आता आक्षेप. पहिला: ‘आधी जागा तरी होऊ देत, भाषेचं नंतर बघू.’ नंतर कधी? भरती होते ती जागा वाढवताना. चार शिक्षक एकदा घेतले की पुढची दहा वर्षं तेच राहणार. बोलायची वेळ हीच आहे.

दुसरा: ‘यावरनं पण मराठी-कन्नड वाद पेटवायचा का?’ थेरपीच्या बाकावर ताईच्या शेजारी बसणारी बाई सौंदत्तीकडची, कन्नड बोलणारी. तिच्या पलीकडचं कुटुंब उर्दू बोलणारं. तिघी एकमेकींची पोरं सांभाळतात, डबा वाटून खातात. यातल्या कुणाचीही जागा काढून घ्या असं मी म्हणत नाही. वेगळी मराठी विशेष शाळाही मागत नाही. पाच मुलांचा गट करायचाच आहे, तर प्रवेशाच्या फॉर्मवर घरातली भाषा लिहून घ्या आणि गट त्याप्रमाणे पाडा. याला जास्तीचा मजला लागत नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो आपल्यावरच येतो: ‘मराठी येणारे प्रशिक्षित शिक्षक आणायचे कुठनं?’

मित्रांनो, ते आपल्यातनंच यायला पाहिजेत. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा डी.एड. बारावीनंतर दोन वर्षांत होतो. पदवीवाल्यांना बी.एड. विशेष शिक्षण आहे. कोर्स झाला की परिषदेकडे नोंदणी करायची, त्याशिवाय हे काम करता येत नाही. आपल्यातली कितीतरी मुलं-मुली पदवी घेऊन पुण्याला किंवा गोव्यातल्या कंपन्यांत दहा-बारा हजारांवर जातात. त्यातल्या दहाजणांनी हा रस्ता धरला तर बेळगाव, खानापूर, निपाणीचं चित्र बदलेल.

शिवाय या कामासाठी सीमाभागातल्या पोरांइतकं लायक कोण आहे? एकाच वाक्यात आपण मराठीतनं कन्नडमध्ये आणि तिथनं हिंदीत जातो. पुण्यात गेल्यावर याच बोलीवरनं आपली टिंगल होते. तीच बोली इथं एखाद्या पोराला त्याच्या आईच्या शब्दातनं वर्गातल्या शब्दापर्यंत हात धरून नेऊ शकते. ‘बा’ म्हणजे आजोबा पण आणि ‘ये’ पण, हे ज्याला दोन्हीकडनं कळतं, तोच त्या पोराला रडण्यापासून वाचवेल.

म्हणून मंडळांना माझं सांगणं आहे. वर्गणी द्या, जरूर द्या. पण निम्मी रक्कम बाजूला काढा आणि गावातल्या एका मुलीची किंवा मुलाची या कोर्सची दोन वर्षांची फी भरा. परत आल्यावर इथंच काम करायचं, एवढी अट घाला. घरात कुणी न बोलणारं मूल असेल तर ‘जेलो’ नावाचं अ‍ॅप मोबाईलवर घालून द्या. मुंबईच्या आयआयटीत तयार झालंय, मोफत आहे, चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारतं, मराठीतही. आणि ज्यांना पोराबद्दल शंका आहे त्यांना जिल्हा रुग्णालयात तपासणीला पाठवा. ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणत वर्षं घालवू देऊ नका.

आणि पावती फाडायच्या आधी व्यवस्थापनाला तीन गोष्टी विचारा. या वीस मुलांसाठी शिक्षक किती घेणार? त्यांच्या पगाराची तजवीज किती वर्षांची आहे? त्यातल्या किती जणांना मराठी येते?

उत्तर लेखी घ्या. मराठीत दिलं तर उत्तम, कन्नडमध्ये दिलं तरी चालेल. आपल्याला वाचता येतं.