चिखलातली देवाणघेवाण

गावाकडचा गोबर गॅस आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शेणकाला बंद टाकीत सोडायचा, हवा लागू द्यायची नाही, की मिथेन तयार होतो आणि त्यावर चहा उकळतो. तळ्याच्या गाळातून येणारे बुडबुडे त्याच जातीचे. इटलीत व्होल्टाने १७७६ साली माज्जोरे तलावाच्या काठी ते गोळा केले आणि हा वायू पेटतो हे दाखवून दिलं. (होय, बॅटरीवाला व्होल्टा तो हाच.)

मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव दिसायला जिवाणूंसारखे, पण ते आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातले. खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ. पालापाचोळा, शेण असलं काही त्यांना थेट चालत नाही. आधी जिवाणूंनी ते कुजवायचं, मग यांनी पानावर बसायचं. हा संसार इतका एकजीव असतो की ज्याला एकच जीव समजून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत वाढवत होते, ते चक्क जोडपं निघालं! १९६७ साली ब्रायंट, वोलिन आणि वुल्फ यांनी ते दाखवलं. त्यातला एक हायड्रोजन सोडायचा आणि दुसरा तो वापरून मिथेन करायचा.

या देवाणघेवाणीत खरा माल असतो इलेक्ट्रॉनचा. अन्न मोडताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही. आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. गाळात ऑक्सिजन कुठला? म्हणून हायड्रोजनच्या पुडीत बांधून शेजाऱ्याकडे पाठवायचे. पण २०१० साली ॲम्हर्स्टला डेरेक लव्हली यांच्या गटाने दाखवलं की जिओबॅक्टर नावाचे जिवाणू पुडीबिडी न बांधता इलेक्ट्रॉन थेट दुसऱ्याच्या हातात देतात. मिथेनवाले आर्कियाही ते असे घेतात, हे २०१४ पर्यंत स्पष्ट झालं. जिओबॅक्टरच्या अंगावर त्यासाठी तारा असतात. त्या कशाच्या, यावर बरीच वादावादी झाली आणि ती पूर्ण मिटली आहे असं नाही. २०१९ साली येलचे निखिल मालवणकर (आडनाव वाचून कान टवकारले ना?) आणि व्हर्जिनियाचे एडवर्ड एगेलमन यांच्या गटांनी अशा एका तारेची रचना उलगडली. आपल्या रक्तात असतो तसल्या, लोह असलेल्या हीमची ती लांबच लांब माळ निघाली.

आता समुद्राकडे वळू. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधे, बाल्टिकच्या उत्तर टोकाला बॉथनियाचा उपसागर आहे. नद्यांच्या पाण्यामुळे तो जेमतेम खारट. एरवी समुद्राच्या गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांचा घास पळवतात. इथे सल्फेटच कमी, त्यामुळे मिथेनवाल्यांचं फावतं. डेन्मार्कमधल्या अमेलिया रोतारू आणि सहकाऱ्यांनी तिथला गाळ तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात जिओबॅक्टरही होते आणि मिथेनोसार्सिना नावाचे आर्कियाही, पण या जोडीला एकमेकांना थेट हात लावता येईना. मधे वीज वाहून नेणारा कण लागायचा. गाळात लोहाची अशी खनिजं भरपूर होती; प्रयोगात कोळशाचे कण वापरले. कण घालत राहिले तोवर दोघंही नांदले. कण बंद केले, तर जिओबॅक्टर नामशेष! आपल्या लग्नांत मध्यस्थाला पहिल्या पंगतीनंतर कोणी विचारत नाही. इथे त्याच्यावाचून संसारच चालत नाही.

हे वाचून मला काळजी वाटली ती कोळशाची. बायोचार म्हणून काडीकचऱ्याचा कोळसा जमिनीत मिसळावा, म्हणजे कार्बन मातीत अडकून राहील, असा सल्ला हल्ली दिला जातो. कल्पना चांगली आहे. पण भरपूर तापवून केलेला कोळसा वीज नेतो, आणि पावसाबरोबर वाहून तो खाडीत पोहोचला तर तिथल्या मध्यस्थांची संख्या वाढणार. शेतातून वाहून येणाऱ्या अशा कणांमुळे मिथेन बराच वाढू शकेल, असा इशारा या शास्त्रज्ञांनीच दिला आहे. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो, तेव्हा हा हिशोब आधी मांडायला हवा. परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यात मात्र खुशाल घाला. तिथे हवा खेळती असते, मिथेनवाले फिरकत नाहीत. प्रश्न आहे तो पाणथळ जागांचा: भातखाचरं, खाजणं आणि नद्यांची मुखं.